भाकरी, अंडं की पाठीवर हात? नव्या कुत्र्याला शिकवताना

रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलं की आमच्या जळगावकडे त्याला 'बस' शिकवायला हातात पहिल्यांदा काय येतं? भाकरीचा तुकडा. घरात असतोच, वेगळा खर्च नाही. पण कळण्याची (ज्वारी-उडदाची) असो की बाजरीची, तीच भाकरी त्याला दोन्ही वेळेला ताटलीत फुकट मिळते, मग तिच्यासाठी तो कशाला बसेल? शिवाय वाळका तुकडा चावत बसला की आपण बसलो म्हणून हे मिळालं, हा धागाच तुटतो. बक्षीस बूड टेकताच, सेकंदभरात तोंडात पडायला हवं. भरिताला लावलेली भाकरी तर नकोच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

उकडलेलं अंडं इथे सरस. वास येतो, मऊ असतं, लगेच गिळलं जातं. फक्त पांढरं घ्या, हरभऱ्याएवढे तुकडे करा. पिवळ्याचा चुरा सांडतो आणि साहेब शिकायचं सोडून फरशी चाटत बसतात. अंगणात, मांजरं-बकऱ्या समोर असताना मात्र अंडंही कमी पडतं. तिथे बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन काढा. केळं आपल्याकडे मुबलक, थोडं दिलं तर चालतं, पण बोटं चिकट होतात आणि सगळ्याच कुत्र्यांना आवडत नाही. ग्लुकोज बिस्कीट म्हणजे मैदा आणि साखर. रोजचं नको.

खाऊ न देता नुसतं कुरवाळून शिकवता येईल का? पाळलेल्या घरातून आलेलं कुत्रं असेल तर कदाचित. रस्त्यावरच्याने मात्र वर उचललेल्या हातातून दगडच पाहिलेला असतो. डोक्यावर हात नेला की आमचा वाघ्या पोटावर सरपटायचा, आणि आम्ही समजायचो, लाडात आलाय! आधी छातीवर हात फिरवा आणि थांबा. तो पुढे सरकला तर हात हे बक्षीस, तोंड फिरवून ओठ चाटले तर ती त्याला शिक्षा.

बक्षीस म्हणून चेंडू 'ये' शिकवायला पुढे उपयोगी, 'थांब'साठी उलटा, कारण कुत्रं आधीच उधळतं.

म्हणून पहिले काही आठवडे मी अंडंच घेईन, तेही जेवणाआधी, तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा. 'बस' पक्कं झालं की दर वेळी न देता अधूनमधून द्यायचं, आणि तेव्हा भाकरीही चालते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका. डांबरावर आपला पालथा हात टेकवत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतात.

आणि शब्द घरभर एकच ठेवा. आमच्याकडे आजी अहिराणीत 'बठ' म्हणायची, मुलं 'सिट', मी 'बस'. वाघ्या तिघांकडे आळीपाळीने बघायचा. शेवटी 'बठ' ठरलं, कारण अंड्याची वाटी आजीच्या हातात असायची.