माउंटन प्रोजेक्टवरच्या टिक: टीप भरभरून, तारीख जपून

चढलेल्या रूटची (कड्यावरच्या चढाईच्या मार्गाची) नोंद ठेवायला माउंटन प्रोजेक्ट या कडे चढणाऱ्यांच्या संकेतस्थळाची टिक (‘हा रूट चढलो’ अशी नोंद) सोय उत्तम आहे. तारीख, पिच (दोराच्या एका लांबीत होणारे टप्पे), लीड (पुढे चढून) की फॉलो (मागून), ऑनसाइट (आधी माहिती नसताना पहिल्याच प्रयत्नात), फ्लॅश (माहिती घेऊन पहिल्याच प्रयत्नात) की रेडपॉइंट (आधीच्या प्रयत्नांनंतर न पडता) हे निवडायचं आणि खाली टीप लिहायची. खरा उपयोग या टीपेचाच. ‘क्रक्सला (सर्वांत अवघड जागी) ०.५ चा कॅम (फटीत अडकवायचं साधन) लागतो, रॅपलला (दोरावरून उतरायला) ६० मीटरचा दोर अपुरा, टोकाला गाठ माराच’ एवढ्यानेही पुढच्याचा जीव वाचू शकतो. शिवाय सगळी यादी सीएसव्हीमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून घेता येते.

धोका तारखांचा. टिक सहसा रूटच्या आकडेवारीच्या पानावर नावासकट दिसते. दर शनिवारी त्याच कड्याची नोंद असली की घर कधी रिकामं असतं हे कुणालाही कळतं. म्हणून टोपणनाव घ्या, नोंद परतल्यावरच टाका आणि जोडीदाराचं नाव विचारल्याशिवाय लिहू नका.