पाकळीवाला लेन्स हूड, नऊ महिने वापरून (पण आधी तो फिल्टर काढा)

गेल्या दिवाळीच्या आधी 18-55 किट लेन्ससाठी (कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी झूम लेन्स, 18 ला सगळ्यात रुंद दिसतं, 55 ला सगळ्यात जवळचं) पाकळीवाला हूड घेतला, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी, बाजूचा उजेड अडवणारी पाकळ्यांसारखी कड. ओरिजनल नाही, साडेतीनशेचा लोकल. नऊ महिने झाले, आता लिहितोच, कारण हूड लावला की ग्लेअर (उजेडामुळं फोटोवर येणारा पांढरटपणा, ठिपके) संपला असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मलापण तसंच वाटायचं.

जिथं काम करतो तिथं लई भारी काम करतो. कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळी चौपाटीवरनं शालिनी पॅलेसच्या बाजूला कॅमेरा धरला की सूर्य समोरच, आणि तो फ्रेमच्या जरा बाहेर असला तरी उजेड पुढच्या काचेवर पडतोच आणि मग आतल्या काचांवर आपटत फिरतो. साध्या काचेची एक बाजू साधारण 4 टक्के उजेड मागं फेकते, काचेवरच्या पातळ थरामुळं (कोटिंग) ते बरंच कमी होतं, पण लेन्समध्ये काचा दहा-बारा, म्हणजे वीसेक बाजू झाल्या, थोडं थोडं साठून सगळ्या फोटोवर पांढरट साय धरते. बहिणीचे फोटो काढले होते, हूडशिवाय तिचे काळे केस राखाडी दिसत होते, हूड लावून तिथंच काढले तर केस काळेभोर आणि साडीचा रंगपण जिथल्या तिथं.

पण हे 18 ला. हूड कापलेला असतो सगळ्यात रुंद अँगलच्या हिशोबानं, नाहीतर कोपरे काळे येतील, त्यामुळं 55 ला झूम केलं की तो आखूड पडतो. तेव्हा मी सरळ डावा तळहात वर धरतो. लेन्सकडं समोरनं बघायचं, काचेवर ऊन पडलेलं दिसतंय का, हाताची सावली पूर्ण काचेवर आली की झालं, फक्त बोटं फ्रेममध्ये येत नाहीत ना एवढं बघायचं.

आता मुख्य गोष्ट. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर गेलो, पणत्याच पणत्या, हूड लावलेला, आणि घरी येऊन बघतो तर वरच्या काळ्या आभाळात हिरवट ठिपक्यांची रांग! खाली डावीकडं पणत्या जशा होत्या तशाच, फक्त उलट्या होऊन वर उजवीकडं. फोटोच्या मधोमधनं रेघ ओढून बघितली, प्रत्येक ठिपक्याची पणती बरोबर समोरासमोर. हे काम यूव्ही फिल्टरचं, म्हणजे लेन्सच्या पुढं लावायच्या सपाट काचेचं, जो दुकानदारानं कॅमेऱ्याबरोबर 'प्रोटेक्शनला असू दे' म्हणून गळ्यात मारला होता. कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरनं उजेड परत फिरतो, त्या सपाट काचेला धडकतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. दिवा फ्रेमच्या आतच असेल तर हूड काय करणार बिचारा. नंतर घरी देवघरातल्या समईवर तपासलं, फिल्टर असताना ठिपका, काढला की गायब. अख्ख्या पहाटेचे फोटो गेले याचं अजून वाईट वाटतं.

हूडच्या तक्रारीपण आहेत. सहा महिन्यांत खाचा झिजल्या, क्लिक होऊन बसत नाही, पिशवीतनं काढताना फिरतो आणि मग 18 ला पाकळी कोपऱ्यात येते. एका बारशात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरला तर फोटोच्या खालच्या बाजूला हूडची अर्धगोल सावली, तर घरात फ्लॅश मारताना हूड काढाच. आणि काही जण उलटा लावलेला हूड तसाच ठेवून शूट करतात, तो ठेवायला उलटा असतो हो, त्यानं सावली कशी पडणार!

अजून एक, काच पुसा. बोटाचा एक डाग असला तरी दिव्याभोवती धुरकट वलय येतं. पावसाळ्यात आपल्याकडं दमट हवा, बुरशी धरली तर तसाच धुरकटपणा कायमचा, म्हणून डब्यात सिलिका जेल ठेवतोय.

पुन्हा घेताना लॉकचं बटण असलेला घेईन, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. फिल्टर ड्रॉवरमध्ये आहे, फक्त तालमीत शूट असलं की लावतो, तिथली लाल माती उडून काचेवर बसते आणि ती लेन्सवर घासण्यापेक्षा फिल्टरवर घासलेली बरी.