काळूची महिन्याची गोळी: नऊ महिन्यांनंतर

आमचा काळू गावठी, पाच वर्षांचा. फोंड्याजवळ आमचं घर कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, लागून आहे, त्यामुळे तो बांधून राहणारा कुत्रा नाहीच. गेल्या वर्षी त्याला गोचीडताप झाला. प्लेटलेट्स कोसळल्या, नाकातून रक्त आलं, चार आठवडे डॉक्सिसायक्लिन चालली. मार्चपासून मी त्याला अफॉक्सोलानेर आणि मिल्बेमायसिन ऑक्झिम एकत्र असलेली चघळायची गोळी देतेय. पहिलं औषध गोचिडी-पिसवांसाठी, दुसरं हार्टवर्म (डास चावल्याने होणारे हृदयातले जंत) आणि पोटातल्या जंतांसाठी.

त्याआधी मानेवर ओतायची फिप्रोनिलची ट्यूब वापरायचो. लावण्याआधी दोन दिवस आणि लावल्यावर दोन दिवस अंग भिजता कामा नये. आता पोफळींना पाणी सोडलेल्या पाटात रोज लोळणाऱ्याला हे कोण समजावणार? तीन महिने चालणारी फ्लुरालानेरची गोळीही डॉक्टरांनी दाखवली. गोचिडींवर ती उत्तम, पण हार्टवर्मवर तिचा उपयोग नाही. मग त्यासाठी महिन्याचं औषध वेगळं आलंच. दोन औषधांच्या दोन तारखा माझ्याच्याने सांभाळून होणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक.

शेजारी म्हशी आहेत. तिथून फुकटचा सल्ला आला, "गुरांचं आयव्हरमेक्टिन टोच, काम झालं." मी कागद-पेन घेऊन बसले. हार्टवर्मसाठी लागतं किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला ९० मायक्रोग्रॅम. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये असतात १० हजार. म्हणजे द्यायचं ०.००९ मिलिलिटर! सिरिंजवर तेवढी रेघच नसते. शिवाय कोली जातीच्या काही कुत्र्यांना हे औषध जास्त झालं तर जिवावर बेततं. तो विषय तिथेच मिटवला.

सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासलं. मला वाटलं, उगाच खर्च. पण अंगात आधीच हार्टवर्मची पिल्लं फिरत असली तर गोळीने ती एकदम मरतात आणि कुत्र्याला त्याचाच झटका बसू शकतो. दुसरी गोष्ट तेव्हाच कळली आणि माझा सगळा हिशेबच उलटा झाला. हार्टवर्मच्या बाबतीत ही गोळी पुढच्या महिन्याची राखण करत नाही. मागच्या महिनाभरात डासांनी सोडलेल्या अळ्या ती मारते. त्या वाढून हृदयाशी पोचल्या की महिन्याच्या गोळीला दाद देत नाहीत. तिथे एकेक मादी जंत २५-३० सेंटीमीटरचा होतो आणि पाच-सात वर्षं जगतो. डास आमच्याकडे बाराही महिने, त्यामुळे "फक्त पावसाळ्यात देऊ" हा बेत बाद.

आता अनुभव. गोचिडींच्या बाबतीत पहिले दोन महिने मी नाराज होते. रोज कानामागे बोट फिरवलं की एखादी लागायचीच. पण नीट पाहिलं तर ती सुकलेली, पाय आखडलेली. हे औषध गोचिडीला लांब ठेवत नाही. ती चावते, रक्तातून औषध तिच्या पोटात जातं आणि दोनेक दिवसांत मरते. खरा अड्डा सापडला मे महिन्यात. पडवीची भिंत चिऱ्याची, गिलावा नसलेली. तिच्या भोकाभोकांत गोचिडी, आणि छपराच्या वाशापर्यंत चढलेल्या. एक मादी हजारोंनी अंडी घालते, तीही असल्याच फटीत. गवंड्याकडून भिंतीला कमरेच्या वरपर्यंत गिलावा करून घेतला. जूननंतर बोटाला काही लागलेलं नाही, आणि त्याचं निम्मं श्रेय मी गवंड्याला देईन.

जुलैमध्ये मात्र काळूच्या गोणपाटावर तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी दिसलं. काही कण्या हलत होत्या. चपटे जंत! एवढी महागाची गोळी घालूनसुद्धा? तर मिल्बेमायसिन गोल जंत, अंकुश जंत यांच्यावर चालतं, चपट्या जंतांवर नाही. त्याला प्राझिक्वांटेल वेगळं द्यावं लागतं. हे जंत पिसू गिळल्याने होतात, म्हणजे कुठून तरी पिसवा आणून तो दातांनी चावत होता. खोक्यावरच्या कुत्र्याच्या चित्राखाली "सर्व काही" असं लिहिलेलं नसतं, आपणच तसं वाचतो.

वजनाचंही एक सांगायचं. गोळीच्या गटात १५ किलोवर रेषा आहे. मार्चमध्ये काळू १४.६ होता. दुकानदाराने ऑगस्टमध्येही तेच खोकं पुढे केलं. घरी काळूला उचलून काट्यावर उभी राहिले, मग माझं वजन वजा केलं, तर स्वारी १५.८! खोकं बदलून आणलं. गोळीचा त्रास फारसा नाही, पहिल्या गोळीनंतर एक दिवस मलूल होता एवढंच. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र अफॉक्सोलानेरच्या जातीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच तसा इशारा दिलाय.

खर्च महिन्याला जवळपास एका गॅस सिलिंडरइतका. झोंबतो.

गणपतीच्या चवथीच्या गडबडीत, माटोळीचं (मूर्तीवर टांगायच्या फळांच्या आराशीचं) सामान आणण्याच्या नादात एक गोळी बारा दिवस लांबली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, लगेच द्या. पण ऑक्टोबरची चाचणी निगेटिव्ह आली तरी मी पेढे वाटले नाहीत. संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसायला सहा-सात महिने जातात, म्हणजे चवथीचा निकाल मार्चमध्ये.

तेव्हापासून तारीख ठेवलीय संकष्टीची. दोन संकष्ट्यांत २९-३० दिवसांचं अंतर असतं आणि ती आई कधीच विसरत नाही. तिची तक्रार एकच, उपासाच्या दिवशी घरात त्या मांसाच्या वासाच्या गोळीचं पाकीट फोडायचं नाही. त्यामुळे काळूला आता पडवीच्या पायरीवर नेऊन देते.