लेख लिहावा की नोट? पीएचडीनंतरच्या दोन फेलोशिप

थिसिस जमा झालाय आणि व्हायव्हाची (तोंडी परीक्षेची) तारीख लागत नाहीये, अशा मधल्या दिवसांत ज्युनिअर मंडळी मला गाठतात. पाषाण रोडवर चहा घेता घेता विषय निघतोच, "दादा, पॉलिसीची फेलोशिप घेऊ की सायन्स कम्युनिकेशनची?" मी दोन्ही केल्यात, एकेक वर्ष. आधी कम्युनिकेशन, म्हणजे विज्ञानावर लोकांसाठी लेख लिहिणं, इथेच पुण्यात. मग पॉलिसी, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांसाठी धोरणावर नोट लिहिणं, दिल्लीला. माझं माप कुठे झुकतं ते पुढे कळेलच, पण प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाही.

स्टायपेंड किती, अर्ज कुठे, हे तुम्ही बघितलं असेलच. दोन दारं मात्र आपल्याला बंद आहेत, तेवढं सांगून ठेवतो, कारण दरवर्षी कुणीतरी तिथे डोकं आपटून येतं. एएएएस या अमेरिकेतल्या विज्ञानसंस्थेची वॉशिंग्टनची पॉलिसी फेलोशिप, 1973 पासून चालू असलेली, जिच्या नावाने आपण सगळे उसासे टाकतो, ती अमेरिकी नागरिकांसाठीच आहे. आणि खासदारांबरोबर काम करायची, पीआरएस या कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप 25 वर्षांपर्यंतच्यांना. बायोलॉजीतला पीएचडीवाला पंचविशीत पहिल्या क्लोनिंगशीच झुंजत असतो! मग उरतात डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची, धोरण संशोधन केंद्रं (बंगळुरूची आयआयएससी, दिल्लीची आयआयटी, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ वगैरे) आणि दुसरीकडे संशोधन संस्थांच्या किंवा नियतकालिकांच्या कम्युनिकेशन फेलोशिप.

कम्युनिकेशनमधली मजा खरी आहे, ती नाकारणार नाही. माझी पीएचडी क्लेबसिएलावर, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर. तेव्हा पहिला मोठा लेख कॉलिस्टिनवर लिहायला घेतला. आयसीयूत बाकीची अँटिबायोटिक्स हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे औषध, आणि आपण ते कोंबड्यांच्या खाद्यात घालत होतो, वजन वाढावं म्हणून. 2015 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कॉलिस्टिनलाही दाद न देण्याची ताकद जिवाणूला देणारं एमसीआर-1 हे जनुक दाखवून दिलं. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या एका छोट्या सुट्या तुकड्यावर, बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं. या प्लाझ्मिडला मराठीत काय म्हणावं यावर माझा अख्खा दिवस गेला. शेवटी 'परीक्षेच्या हॉलमध्ये बाकाखालून फिरणारी चिठ्ठी' असं लिहिलं. गाईडने भुवया उंचावल्या, आईला मात्र पहिल्या झटक्यात कळलं. लेख छापून आल्यावर मंचरच्या एका पोल्ट्रीवाल्या काकांची मेल आली, रोमन लिपीतल्या मराठीत, दोनच ओळींची: लेख चांगला आहे, पण मग पिल्लांना द्यायचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'आपल्या पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा' असं काहीतरी गुळमुळीत लिहून पाठवलं.

आता जे मनाला लागलं ते सांगतो. हा लेख तयार होऊन संस्थेच्या मंजुरीसाठी जवळजवळ तीन आठवडे पडून होता, कारण फेब्रुवारी होता आणि 28 तारखेचा विज्ञान दिन तोंडावर आला होता. फेलोशिपच्या पत्रात 'संशोधन समाजापर्यंत पोचवणे' लिहिलेलं. प्रत्यक्षात मी रात्री साडेनऊला नारायण पेठेत फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभा, कारण प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधीचं 'डॉ.' राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा गळ्यात घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलो. शाल दिली, क्लिक. श्रीफळ दिलं, क्लिक. पाहुण्यांचे डोळे मिटलेले आले म्हणून खालून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा द्या!" आणि तोच नारळ परत घेऊन, हसून, पुन्हा देण्यात आला. त्या खुर्चीवर उभं असताना मनात आलं की आठवडाभरात माझ्या हातून विज्ञानाचं एक वाक्य बाहेर पडलेलं नाही. दुष्टपणा कुणाचाच नव्हता. कम्युनिकेशन म्हणजे प्रसिद्धी, आणि प्रसिद्धी म्हणजे सत्काराचे फोटो, असं तिथलं साधं समीकरण होतं. मार्चमध्ये रील सुरू झाल्या, त्याबद्दल न बोललेलं बरं.

दिल्लीतलं काम दिसायला त्याहून रुक्ष. दोन पानांची नोट लिहायची, त्यावर नाव नाही, ती फाईलमध्ये जाते आणि पुढे तिचं काय होतं ते कळत नाही. पहिली नोट मी पेपरसारखी लिहिली आणि शेवटी सवयीने 'यावर आणखी संशोधनाची गरज आहे' हेही घातलं. ज्या अधिकाऱ्यांना ती द्यायची होती त्यांनी पेन्सिलने ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, 'तो करना क्या है?' मंचरच्या काकांचाच प्रश्न, फक्त हिंदीत! फरक इतकाच की इथे पशुवैद्यांकडे बोट दाखवून सुटता येत नव्हतं.

उत्तर द्यायचं म्हणून मग मी ते शिकलो जे पाच वर्षं प्रयोगशाळेत प्लेटा ओतताना कधी कानावर पडलं नव्हतं. जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पशुखाद्यात वापरायचं कॉलिस्टिन बनवायला आणि विकायला बंदी आली, ती औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26अ खाली. मजकूर पानभरसुद्धा नसेल. पण औषधविक्रीचे परवाने राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे), कोंबड्या पशुसंवर्धन खात्याकडे, आणि अंड्या-मांसात उरलेला औषधाचा अंश एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे. जिवाणू या तिन्ही टेबलांवरून बिनपरवाना फिरतो. माझा थिसिस परीक्षक धरून सात जणांनी वाचला असेल. ती पानभर अधिसूचना शेडमधल्या खाद्याच्या पोत्यापर्यंत जाते. अर्थात ती माझ्या नोटमुळे आली नाही, मी तिच्या नंतरचा. पण असं पान कसं तयार होतं ते जवळून पाहायला मिळालं, आणि तिथेच माझं माप झुकलं.

दिल्लीचे चटके कमी नव्हते. स्टायपेंड चार महिने अडकला, कारण उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला, कुठल्याशा टेबलावर होतं. दोन महिन्यांचं भाडं भावाने भरलं आणि अजून तो ते ऐकवतो. तेव्हा जाताना निदान सहा महिन्यांचे पैसे गाठीला ठेवा. नोव्हेंबरची हवा वेगळीच. आणि मराठी लिहिण्याची जी तहान पुण्यात भागत होती ती तिथे भागत नाही; ज्याला लिहिल्याशिवाय झोप लागत नाही त्याने याचा विचार करावा. एरवी बेंच, म्हणजे प्रयोगशाळेतलं काम, सुटण्याची भीती दोन्हीकडे सारखीच, त्यावर निर्णय घेऊ नका. वर्षभराने पिपेट हातात घेतलं तेव्हा दोन्ही वेळा आठवडाभर हात थरथरला, मग बसला.

लिहिण्याचीच ओढ असेल तर मुलाखतीत एवढं विचारून घ्या की तुमचा साहेब संपादक आहे की संचालकांचं कार्यालय. मी विचारलं नव्हतं. माझ्याच बॅचचा एक मित्र एका नियतकालिकात संपादकाच्या हाताखाली गेला. तो माझं हे सगळं ऐकून हसतो. त्याचा लेख तीनदा परत येतो, लाल होऊन, पण तो लेखच असतो. फ्लेक्स बघायला त्यांच्याकडे वेगळा माणूस आहे.