सुताराकडचा सागवानी पांगुळगाडा: एका हिवाळ्याचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात दोन गाडे आले. पहिला तालुक्याच्या बाजारातून आणलेला प्लास्टिकचा गोल वॉकर, ज्याच्या मध्यभागी कापडी बैठकीत मुलाला बसवतात. दुसरा गावातल्याच सुताराकडून ६०० रुपयांत करून घेतलेला सागवानी पांगुळगाडा. नात तेव्हा दहा महिन्यांची होती. कापसाची वेचणी ऐन भरात असल्यामुळे मुलगा आणि सून सकाळीच वावरात जात आणि पोरीला सांभाळायला आम्ही दोघे म्हातारे घरी उरत असू.

वॉकरचा निकाल पंधरा दिवसांतच लागला. त्यात मुलाचा भार बैठक पेलते, जमिनीला फक्त चवडे टेकतात आणि समोरच्या ताटामुळे त्याला स्वतःची पावले दिसत नाहीत. म्हणजे तोल सावरण्याचा खरा सराव राहूनच जातो. शिवाय चाके इतकी सुळसुळीत की एका सकाळी पोरगी बघता बघता छपरीच्या कडेला पोचली आणि मी तिला कसेबसे धरले. अशाच अपघातांपायी कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आमचा वॉकर सध्या माळ्यावर आहे.

पांगुळगाड्याची रचना साधी आहे: खाली तीन चाके, त्यावर उभी चौकट आणि मुलाच्या छातीच्या उंचीवर आडवी दांडी. यात मुलाला बसवता येत नाही, त्याला स्वतःच उठून उभे राहावे लागते. पहिले चार दिवस नात दांडी धरून नुसती उठत-बसत होती. पाचव्या दिवशी तिने जोर लावला, तेव्हा गाडा पुढे पळाला आणि ती पालथी पडली. गाडा हलका आहे, हा त्याचा मोठा दोष मानावा लागेल. खालच्या फळीवर सुतळीने अर्धी वीट बांधल्यावर तो ताब्यात आला. सारवलेल्या अंगणात तो बेताने चालतो, फरशीवर मात्र वीट असूनही घसरतो.

दुसरी उणीव कामाच्या सफाईची. दांडीच्या एका टोकाला रंधा नीट फिरलेला नव्हता आणि तिथे कूस निघत होती. दात येणारी मुले दांडी चावतातच, म्हणून मी ती पॉलिशपेपरने घासून घेतली आणि वार्निश मुद्दाम लावले नाही. चाके करकरतात. त्यांना तेल घालायला मी निघालो, तर सौभाग्यवतींनी अडवले, कारण पोरगी कुठे आहे हे त्यांना चुलीपाशी बसल्या बसल्या त्या आवाजावरूनच कळते.

या गाड्याला वळण घेता येत नाही, आणि त्यातूनच नात सर्वांत जास्त शिकली असे मला वाटते. भिंत आली की ती तिथेच उभी राहून रडायची आणि आम्ही गाडा फिरवून द्यायचो. तीनेक आठवड्यांनी एकदा आम्ही दोघेही तूर पाखडण्यात गुंतलो होतो आणि तिच्या हाकेला कोणी गेले नाही. ती थोडा वेळ रडली, मग दांडी सोडून खाली बसली, रांगत पुढच्या बाजूला गेली, पुढचे चाक दोन्ही हातांनी ओढून तिरपे केले आणि परत येऊन दांडी धरली. त्यानंतर भिंतीपाशी तिने आम्हाला बोलावले नाही.

तेराव्या महिन्यात ती मोकळी चालू लागली. याचे श्रेय मी गाड्याला देणार नाही, कारण मुले साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही चालू लागतात. मूल गाड्यावर असताना मोठ्या माणसाने जवळ असणे मात्र आवश्यक आहे; हातातली कामे उरकण्यासाठी कोणी तो घेणार असेल, तर घेऊ नये.

करून घ्यायचा असल्यास पोळ्याच्या आधीचा महिना टाळावा. त्या दिवसांत सुतार तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदींमध्ये बुडालेला असतो. आमच्या नातीच्या नंदीला याच गाड्याची चाके लावून द्यायचे त्याने कबूल केले आहे.