घर गरम ठेवण्यासाठी लाकडावरची भट्टी बसवताना झालेली फसवणूक

घराबाहेर बसवायच्या लाकडावरच्या भट्टीच्या व्यवहारात आमची फसवणूक झाली आणि ती लक्षात यायला आम्हाला जवळजवळ अख्खा हिवाळा लागला. अशी भट्टी घेण्याचा विचार करणाऱ्यांना ठेकेदाराला काय विचारायचे आणि कोणती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची हे आधीच कळावे, म्हणून घडलेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

ही भट्टी दिसायला लहानशा पत्र्याच्या खोलीसारखी असते आणि घरापासून अंतर राखून बसवतात. आत लाकूड जळते, जळणाऱ्या कक्षाभोवती पाण्याची टाकी असते, आणि साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले हे पाणी पंपाच्या साहाय्याने जमिनीखालच्या पाइपांतून घरात आणले जाते. घरात हीट एक्स्चेंजरमध्ये ते आपली उष्णता हवेला किंवा नळाच्या पाण्याला देते आणि दुसऱ्या पाइपाने भट्टीकडे परत जाते. आग, राख आणि धूर घराबाहेर राहतात, हे या व्यवस्थेचे खरे आकर्षण आहे. आम्हालाही तेच भावले होते. मात्र भट्टी आणि घर यांच्यामधला जो भाग मातीखाली जातो, त्यावर सगळे अवलंबून असते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

ठेकेदार बोलायला अत्यंत सौम्य होता. त्याने भट्टीची जाडजूड पोलादी दारे दाखवली, वेल्डिंग दाखवले, माहितीपत्रकातला नव्वद टक्के कार्यक्षमतेचा आकडा बोटाने दाखवला. पाइप कोणता वापरणार, असे मी एकदा विचारले होते. "पाइपाचं तुम्ही आमच्यावर सोडा, आम्ही चांगलाच घालतो," असे तो म्हणाला आणि लगेच भट्टीच्या रंगाविषयी बोलू लागला. कोटेशनमध्येही 'उष्णतारोधक पाइप, फिटिंगसह' एवढीच ओळ होती. कंपनी, प्रकार, व्यास, लांबी यांपैकी काहीही नव्हते. तीन चतुर्थांश रक्कम त्याने आगाऊ मागितली आणि आम्ही ती दिली.

काम दोन दिवसांत उरकले. भट्टीखालच्या काँक्रीटच्या ओट्याबद्दल किंवा विजेच्या जोडणीबद्दल माझी तक्रार नाही. पण चर खणला गेला त्या दिवशी मी कामावर होतो, आणि संध्याकाळी परत आलो तेव्हा माती ओढून, वरून दाबून, जागा सपाट केलेली होती. इतक्या लवकर काम झाल्याचे मला त्या वेळी कौतुक वाटले.

थंडी वाढली तसे लाकूड भराभर संपू लागले. संपूर्ण हिवाळ्यासाठी रचलेली रास अर्ध्याच काळात संपत आली. पहाटे उठून भट्टीत ओंडके टाकायचे, दुपारी टाकायचे, रात्री झोपण्यापूर्वी टाकायचे, आणि तरीही घरातल्या टोकाच्या खोल्या गार राहायच्या. ठेकेदाराला फोन केला की तो म्हणे, "पहिलं वर्ष आहे, भट्टी रुळायला वेळ लागतो." पोलादाची भट्टी रुळत नसते, ही साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती.

मग एका सकाळी पत्नीने मला खिडकीपाशी बोलावले. रात्रभर बर्फ पडला होता आणि अंगण पांढरेशुभ्र झाले होते, पण भट्टीपासून घराच्या भिंतीपर्यंत हातभर रुंदीचा एक काळा ओला पट्टा सरळ रेषेत उघडा पडला होता. त्या पट्ट्यावर एक कणही बर्फ टिकला नव्हता, उलट त्यातून मंद वाफ निघत होती आणि कडेला हिरवे गवत उगवलेले दिसत होते. आम्ही दिवसरात्र लाकूड घालून अंगणातली माती तापवत होतो.

त्यानंतर मी एका दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने भट्टीतून पाणी बाहेर पडते तिथे आणि घरात शिरते तिथे पाइपांवर तापमान मोजले. भट्टीपाशी ८२ अंश आणि घरापाशी ७८ अंश भरले. चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून त्याने केलेला हिशेब इथे देतो. आमचा पंप मिनिटाला सुमारे ३० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर पाणी फिरवतो. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने बदलायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. याचा अर्थ फक्त जाणाऱ्या पाइपातून प्रत्येक सेकंदाला ८.४ किलोज्यूल, म्हणजेच ८.४ किलोवॅट उष्णता मातीत जात होती, आणि पंप चोवीस तास चालू असल्यामुळे दिवसाला जवळपास २०० किलोवॅट-तास. वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार किलोवॅट-तास उष्णता असते, आणि त्यातली निम्मीच पाण्यात उतरते असे धरले, तर रोज शंभर किलोच्या आसपास लाकूड आम्ही केवळ त्या चरासाठी जाळत होतो. परतीच्या पाइपातली गळती यात धरलेलीच नाही. चांगल्या प्रतीचा पाइप असता तर आमच्या ४५ मीटर अंतरात तापमान एका अंशाहून कमी उतरले असते, असे त्याने सांगितले.

वसंतात आम्ही चर उघडला. माहितीपत्रकात ज्याचे चित्र होते, त्या पाइपात दोन्ही नळ्यांभोवती बंद छिद्रांचा घट्ट फोम कारखान्यातच ओतून भरलेला असतो, तो बाहेरच्या वेष्टनाला चिकटलेला असतो, आणि त्यामुळे वेष्टनाला एखादी चीर गेली तरी पाणी आत पसरत नाही. आमच्या जमिनीतून निघाली ती सांडपाण्यासाठी वापरतात तसली घड्या-घड्यांची काळी नळी. तिच्या आत दोन साधे पाइप एकमेकांना खेटून घातले होते आणि त्यांच्याभोवती पार्सलमध्ये असते तसली फुगेवाली, एका बाजूने चंदेरी असलेली गुंडाळी होती. तंत्रज्ञाने करवतीने नळी कापली तेव्हा आतून पाण्याची धार लागली, कारण सांध्यांतून शिरलेले जमिनीतले पाणी तिच्यात काठोकाठ भरले होते. गरम पाइप थेट थंड पाण्यात बुडालेला, आणि शेजारच्या परतीच्या पाइपालाही तो आपली उष्णता देत असलेला. कापलेला हातभर तुकडा मी पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.

दुसरी फसवणूक लाकडाच्या बाबतीत झाली. "या भट्टीला ओलं-सुकं काहीही चालतं," हे वाक्य विक्रेते हटकून म्हणतात, आणि ते खोटे आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. त्या प्रत्येक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ किलोवॅट-तास उष्णता खर्च होते आणि ती धुराड्यातून निघून जाते. शिवाय आग थंड पडल्यामुळे लाकडातले वायू न जळताच धुरात जातात आणि आतल्या भिंतींवर डांबरासारखा चिकट क्रिओसोट साचतो. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असावा लागतो. त्यासाठी ओंडके फोडून, हवा खेळेल असे रचून, फक्त वरून झाकून किमान सहा महिने आणि कठीण लाकूड असेल तर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ वाळवावे लागतात. मॉइश्चर मीटर हे ओलावा मोजणारे लहानसे उपकरण आहे, पण ते ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला लावून उपयोग नाही. ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर लावले तरच खरा आकडा मिळतो.

भट्टीसुद्धा घराच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी विकली गेली होती. खरे तर घराची उष्णतेची गरज किती आहे याचा हिशेब करूनच आकार ठरवावा लागतो. आमच्याकडे कोणी भिंती मोजल्या नाहीत की खिडक्या पाहिल्या नाहीत. अवाजवी मोठी भट्टी पाणी पटकन तापवते, मग तिची हवेची झडप बंद होते आणि आग तासन् तास धुमसत राहते. बुटक्या धुराड्यातून निघणारा तो दाट धूर जमिनीलगत पसरून शेजाऱ्यांच्या घरात जात असे. शेजारच्या आजीबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यांना खिडक्या बंद करून बसावे लागले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

माहितीपत्रकातल्या नव्वद टक्क्यांचा अर्थही मला उशिरा समजला. तो ज्वलनाच्या कार्यक्षमतेचा, म्हणजे लाकूड किती पूर्ण जळते याचा आकडा होता. जळलेल्या लाकडातली किती उष्णता प्रत्यक्ष घरात पोहोचते, हा वेगळाच आकडा असतो आणि तो बराच कमी असतो. भट्टीला अमेरिकेचे प्रमाणपत्र असल्याचेही सांगितले गेले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ साली अशा भट्ट्यांच्या धुरासाठी नियम केले, १५ मे २०२० पासून त्यांतली अधिक कडक मर्यादा लागू झाली, आणि प्रमाणित मॉडेलांची यादी ती संस्था सर्वांसाठी खुली ठेवते. मी ती यादी शोधली तेव्हा आमच्या भट्टीच्या नावाशी मिळतेजुळते नाव तिथे होते, पण शेवटचे अक्षर वेगळे होते. ते दुसरेच मॉडेल होते. ही तपासणी पैसे देण्याआधी केली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

आता सर्वांत जास्त काळजी वाटते ती टाकीची. परतीचे पाणी साधारण ६० अंशांपेक्षा थंड होऊन भट्टीत आले की आतल्या भिंतींवर धुरातली वाफ पाणी होऊन बसते आणि ते आम्लयुक्त पाणी पोलाद खाते. हे टाळण्यासाठी परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा, तापमानावर चालणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवतात. तो कोटेशनमध्ये होता, बिलातही होता, पण प्रत्यक्षात बसवलेलाच नव्हता. टाकीतल्या पाण्यात गंजरोधक रसायन घालणे आणि त्याची ठरावीक काळाने चाचणी करणे ही निर्मात्याच्या वॉरंटीची अट होती. ठेकेदाराने नळाचे पाणी भरले आणि वॉरंटीचा अर्ज निर्मात्याकडे पाठवलाच नाही. वेल्डच्या एका सांध्याशी गंजाची रेघ दिसू लागल्यावर मी निर्मात्याला कळवले, तेव्हा पाण्याच्या चाचणीची नोंद नसल्यामुळे दावा मान्य होणार नाही असे उत्तर आले.

नवा पाइप घालताना मी पाइपाची कंपनी, प्रकार आणि लांबी करारात लिहून घेतली. चर उघडा असताना पूर्ण लांबीचे फोटो काढले, पाइपांत दाब भरून सांध्यांची चाचणी माझ्यासमोर करायला लावली आणि मी पाहिल्याशिवाय माती ओढायची नाही अशी अट घातली. दोन्ही टोकांचे तापमान मोजून फरक ठरलेल्या मर्यादेत आल्यावरच शेवटचा मोठा हप्ता देण्याचे ठरवले. नव्या तंत्रज्ञाने यातल्या एकाही अटीला हरकत घेतली नाही. त्या हिवाळ्यात बर्फ चरावरही अंगणाइतकाच टिकला आणि लाकडाची रास थंडी संपल्यावरही शिल्लक राहिली.

जुन्या ठेकेदाराचा फोन आता लागत नाही. ग्राहक तक्रार दाखल केली आहे आणि सोबत कोटेशन, बिल, तापमानाच्या नोंदी आणि कापलेल्या नळीचे फोटो जोडले आहेत. टाकीतल्या पाण्यात रसायन घातले आहे, मिश्रण-व्हॉल्व्ह बसवला आहे, आणि दर महिन्याला मी पाण्याची चाचणी करून आकडा भट्टीच्या दाराआत अडकवलेल्या वहीत लिहितो. वेल्डजवळची ती रेघ अजून वाढलेली नाही.