इन्स्टंट नाश्ता: कुठलं पाकीट घरी आणायचं आणि कुठलं दुकानातच ठेवायचं

नवीन नोकरी लागलेली पोरं, आपल्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला जाणारे, पोरांची शाळा सकाळची असलेले, सगळे कधी ना कधी हेच विचारतात की कपातले पोहे, इडलीचं तयार पीठ, उप्पीटाचं पाकीट हे सगळं घेऊन खरंच वेळ वाचतोय का नुसते पैसे जातायत. सरसकट हो किंवा नाही म्हणून चालत नाही. आमच्यात बायकोची शाळा सकाळची, त्यामुळं नाश्ता माझ्याकडं, आणि मी पाकीट हातात घेतलं की एवढंच बघतो की हे माझं नेमकं कुठलं काम वाचवतंय. वाटणं, आंबवणं, भाजणं, मोड आणणं, दळणं ही वेळ खाणारी कामं. फोडणी टाकणं हे काय काम नव्हे, आणि अर्ध्याअधिक पाकिटांत आपण फोडणीचेच पैसे मोजत असतो.

सगळ्यात आधी इडली-डोश्याचं ओलं पीठ, कारण फायदा इथंच आहे. घरी करायचं तर रविवारची इडली शनिवारी सकाळी ठरवायला लागते. तांदूळ-उडीद भिजत घाला, संध्याकाळी वाटा, रात्रभर आंबवा, त्यात मिक्सरवर उडीद वाटताना भांडं तापतं म्हणून गार पाणी घालत थांबत थांबत वाटायचं, आणि सगळं झाल्यावर ते भांडं आणि झाकणाची रबरी कड घासत बसायचं. एवढं करून डिसेंबर-जानेवारीत पीठ वर येईलच असं नाही, कारण आंबवायचं काम करणारे जिवाणू आणि यीस्ट यांना ३० डिग्रीच्या आसपासची ऊब लागते आणि आपल्याकडं थंडीत पहाटे स्वयंपाकघर चांगलंच गारठलेलं असतं. हे सगळं दुसऱ्या कुणीतरी करून दिलं तर त्याचे पैसे द्यायला माझा हात आखडत नाही.

आता घेताना काय बघायचं. ब्रँडेड पीठ आता बऱ्याच ठिकाणी मिळतंय, बेंगळुरूच्या आयडी (iD) कंपनीवाल्यांनी २००५ ला हाच धंदा सुरू केला आणि मग सगळीकडं पसरला, पण ब्रँडेड पिठाचं गणित सगळं फ्रीजवर असतं. दुकानातला फ्रीज रात्री बंद ठेवत असतील तर पीठ घरी येईपर्यंत आंबट झालेलं असतंय, मग नाव कुठलं का असेना. त्यापेक्षा वेट ग्राइंडर लावून घरगुती पीठ विकणाऱ्या मावशी, काकू आता बऱ्याच गल्ल्यांत सापडतात, त्यांच्याकडनं घ्यावं आणि सरळ विचारावं, मावशी आज वाटलंय का कालचं, आणि सोडा घातलाय का. चांगलं पीठ पिशवीत थोडं फुगलेलं असतं, बोटानं दाबलं की आत बारीक बारीक बुडबुडे सरकताना दिसतात. वास आंबूस पण गोडसर पाहिजे, नाकात झोंबला तर राहू द्या. आणि स्वस्त पीठ बघून भुलू नका, उडीद महाग आणि तांदूळ स्वस्त, त्यामुळं दर पाडायचा म्हणजे उडीदच कमी करतात. ते कळतं खाताना. गरम असेपर्यंत इडली बरी लागते, गार झाली की चिवट, डब्यात दिली तर पोरगं तशीच परत आणतंय.

किलोभर पिठात साधारण वीसभर इडल्या होतात. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोसे, त्यानंतर आंबट झालं की कांदा-मिरची-कोथिंबीर घालून उत्तप्पा नाहीतर आप्पे, म्हणजे एका पिशवीत तीन-चार सकाळी निघतात. एवढं दुसऱ्या कुठल्याच पाकिटात निघत नाही. चटणीची पावडर मात्र विकतची घेऊ नका, शेंगदाण्याची चटणी घरात असतेच की.

हेच कोरडं इडली मिक्स मात्र वेगळं. त्यात आंबवणं नसतंच, खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं, पाणी पडलं की दोन्ही मिळून गॅस करतात आणि इडली फुगते. फुगते पण आंबवलेल्या पिठाची चव कुठनं येणार, आणि आंबवताना जी बी गटातली व्हिटॅमिनं वाढतात तीपण नाहीत. रवा इडलीचं मिक्स तर मला कळतच नाही का घेतात. रवा इडली हीच मुळात अडचणीतनं निघालेली, दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई होती तेव्हा बेंगळुरूच्या एमटीआर हॉटेलात रव्यावर भागवलं अशी त्यांचीच गोष्ट आहे. घरात रवा, दही आणि इनोची पुडी असली तर तेवढ्याच वेळात होते.

आता पोहे. कपातल्या पोह्यांची जाहिरात बघितली की हसू येतं, कारण पोहे हेच मुळात शिजवून ठेवलेलं धान्य आहे. साळ भिजवायची, भट्टीत भाजायची, चेपायची, सगळं आधीच झालेलं असतं, आपण फक्त भिजवून फोडणीत टाकतो. जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, निथळायला ठेवायचे, तोवर कांदा चिरून होतो आणि कांदा परतेपर्यंत पोहे फुगलेले असतात. दहा-बारा मिनिटं, त्यातपण निम्मा वेळ कांद्याचा. कपात पाणी उकळून ओता, झाकून ठेवा, ढवळा, यातपण पाच-सात मिनिटं जातातच. मग वाचलं काय? चार-पाच मिनिटं. आणि एका कपाच्या पैशात अर्धा किलोच्या वर सुटे जाड पोहे येतात, सगळ्या घराचा दोन-तीन वेळचा नाश्ता.

शिवाय कपाच्या मागचं बारीक अक्षर वाचायला पाहिजे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, त्यामुळं तेल, साखर, मीठ कितव्या नंबरला आहे ते लगेच दिसतं. सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. समजा ६०० मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे दीड ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. घरात बीपीवालं माणूस असेल तर हा हिशोब करूनच घ्या. आणि तो आकडा शंभर ग्रॅमचा आहे का एका कपाचा तेपण बघा, तिथंच गडबड होते.

पण कपाला एकदम मोडीत काढणार नाही, कारण कप वेळ वाचवत नसला तरी भांडी वाचवतो. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर राहणाऱ्या पोराकडं एक किटली आहे, कढई नाही, सिंक नाही, त्यानं काय करायचं? लांबच्या प्रवासातपण तेच. आणि आपल्या सांगलीत पुराचंपण आहेच, ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा ज्यांनी वरच्या मजल्यावर दिवस काढले त्यांना विचारा, चहूकडं पाणी असतंय पण भांडी घासायला एक तांब्या चांगलं पाणी मिळत नाही. नदीकाठच्या भागात राहत असाल तर जुलै-ऑगस्टपुरते चार कप कपाटात वर ठेवा, रोजच्या नाश्त्यात धरू नका.

उप्पीटाचं पाकीट थोडं मधलं आहे. उप्पीटात वेळ जातो तो रवा मंद आचेवर भाजण्यात, घाई केली की चिकट गोळा होतो, आणि पाकिटात रवा भाजलेला मिळतो हे खरं. पण हे काम महिन्यातनं एकदा घरीच उरकता येतं. तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, मिरचीचे तुकडे, कढीपत्ता सगळं घाला आणि कढीपत्ता चुरला की कुरकुर वाजला पाहिजे, मिरचीपण वाळून कडक झाली पाहिजे, कारण थोडी जरी ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते. मग रवा टाकून चांगला खमंग भाजा, शेवटी मीठ, हवी तर चिमूटभर साखर, पूर्ण गार करून कोरड्या बरणीत भरा. ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर यातलं काहीच आत घालायचं नाही. सकाळी एक वाटी मिश्रणाला अडीच वाटी उकळतं पाणी, झाकण ठेवा, पाच मिनिटं. महिनाभर आरामात टिकतंय, आणि पावसाळ्यात कच्च्या रव्याला जसे किडे लागतात तसे याला लवकर लागत नाहीत. होस्टेलच्या पोरालापण हेच बांधून द्या, त्याच्या किटलीवर होतंय.

ओट्सबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही. साधे रोल्ड ओट्स घ्या, ते चांगले आहेत, त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो जो कोलेस्टेरॉलला उपयोगी पडतो. मसाला ओट्सच्या छोट्या पुड्या म्हणजे तेच ओट्स, वर मीठ-मसाला आणि दर चढा. साध्या ओट्सना घरची फोडणी द्या, आपल्या सांगलीची हळद घाला, झालं. कॉर्नफ्लेक्सचं म्हणाल तर केलॉग्ज १९९० च्या दशकात भारतात आलं तेव्हा लोकांनी सवयीनं गरम दूध ओतलं आणि सगळा लगदा झाला, ती गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. गार दूध सोसत असेल तर खा, पण पोट दहा वाजता परत ओरडतंय. म्युसलीत मनुके असतात म्हणून जास्त पैसे देणारी माणसं बेदाण्याच्या तासगाव-सांगलीत राहतात हे बघून मात्र मला खरंच वाईट वाटतं. साधे फ्लेक्स घ्या आणि बाजारातनं पाव किलो बेदाणा आणून त्यात टाका, म्युसलीच झाली की ती.

फ्रोजन पराठे: बहुतेकांत मैदा आणि पाम तेल, वर दिवसाला दोन-तीनदा लाईट जाणाऱ्या भागात फ्रीजरचा भरवसा नाही. मी घेत नाही. त्यापेक्षा रात्रीच्या उरलेल्या चपात्यांचा कांदा घालून कुस्करा करा, किंवा चपाती-भाजी केंद्रातनं अर्धवट भाजलेल्या चपात्या सांगून आणा.

आणि जी पाकिटं खरंच घेण्यासारखी आहेत ती बऱ्याचदा मॉलमध्ये नसतातच, बचत गटाच्या स्टॉलवर नाहीतर किराणा दुकानाच्या कोपऱ्यात असतात. नाचणी सत्त्व बघा. नाचणीला मोड आणा, सावलीत वाळवा, भाजा, दळा, वस्त्रगाळ करा, फ्लॅटमध्ये राहून हे कोण करणार? नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधात शिजवली की लहान पोराचा आणि म्हाताऱ्या माणसाचा दोघांचा नाश्ता झाला. फक्त घटकांत साखर किंवा दूध पावडर पहिल्या नंबरला असेल तर ते नाचणी सत्त्व नव्हे, ठेवून द्या.

थालीपिठाच्या भाजणीचंपण तसंच, ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने प्रत्येक वेगवेगळं भाजायचं म्हणजे अख्खी दुपार जाते. विकतची घेताना आधी पाव किलोच घ्या आणि हातावर चोळून वास घ्या, खमंग वास आला नाही तर धान्य कच्चंच दळलंय. घरी भाजून गिरणीत नेणार असाल तर गिरणीवाल्याला जाडसर दळा म्हणून आधी सांगा, आणि आपल्या आधी जात्यात कुणाची मिरची नाहीतर हळद गेली असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी या, नाहीतर पहिले चार घास थालीपीठ कमी आणि ठसका जास्त.